व्रतस्थ जीवनाकडे ओढा वाटतोय? पुण्यातून पहिली पावलं कशी टाकायची

बारावीचा किंवा डिग्रीचा निकाल लागला की मिस्सेनंतर (रविवारच्या उपासनेनंतर) चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास विचारतं, "मग, पुढे काय?" उत्तर नर्सिंग किंवा आयटी असलं की विषय तिथेच संपतो. "सिस्टर व्हावंसं वाटतंय" असं उत्तर आलं, तर एक मावशी पोरीला छातीशी धरते आणि दुसरी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारते, "कुणाशी बिनसलं का गं तिचं?" पहिलीच्या कौतुकाने पोरगी घाईने पुढे जाते, दुसरीच्या शंकेने घाईने मागे येते. हा लेख ज्यांनी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी आहे, मुली आणि मुलगे दोघांसाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. मठात कुणी नवीन माणूस जात नाही. भांडी घासायची पाळी कुणाची यावरून बहिणीशी वाद घालणारी, परीक्षेआधी पोट बिघडणारी, वर्गात बोलायला लाजणारी जी मुलगी घरात आहे, तीच बॅग घेऊन आत जाते. त्यामुळे पाचारण, म्हणजे देवाची हाक, ओळखायचं म्हणजे आकाशातली खूण शोधायची नाही. कोण जातंय आणि कशासाठी जातंय, हे आधी नीट बघायचं.

प्रश्न नेमका कुठला, ते ठरवा

आपल्याकडे फादर, ब्रदर, सिस्टर सगळे एकाच पिशवीत टाकतात. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. धर्मप्रांताचा धर्मगुरू बिशपांच्या हाताखाली असतो. तो बिशपांना आज्ञाधारकतेचं वचन देतो, अविवाहित राहतो, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाही. त्याचं काम बहुतेक आयुष्यभर त्याच धर्मप्रांतात चालतं. व्रतस्थ माणूस, म्हणजे सिस्टर, ब्रदर किंवा जेझुइटांसारख्या संघातला (एका नियमाने एकत्र जगणाऱ्या व्रतस्थांच्या संस्थेतला) फादर, ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञाधारकता अशी तीन व्रतं घेतो, समुदायात राहतो आणि संघ पाठवेल तिथे जातो. "मला वेदीवर उभं राहायचंय" आणि "मला या लोकांबरोबर, या पद्धतीने जगायचंय" या दोन वेगळ्या इच्छा आहेत. काहींना दोन्ही असतात. बऱ्याच मुलांना फक्त पहिली असते, आणि ते एखाद्या संघात केवळ ओळखीचा फादर तिथला म्हणून जातात.

पुण्यात हा घोळ जास्त होतो, कारण इथे सगळे शेजारी शेजारी दिसतात. नगर रोडवर रामवाडीला एका बाजूला पेपल सेमिनरी (धर्मगुरू घडवणारी संस्था), जवळच जेझुइटांचं डी नोबिली कॉलेज, आणि तत्त्वज्ञान-धर्मशास्त्र शिकवणारं ज्ञानदीप विद्यापीठ. पेपल सेमिनरी पोप लिओ तेरावे यांच्या काळात १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ साली पुण्यात आली. ज्ञानदीपच्या एकाच वर्गात धर्मप्रांतांचे सेमिनरियन, निरनिराळ्या संघांचे ब्रदर आणि सिस्टर्स बाकाला बाक लावून बसतात. बाहेरून सगळे सारखेच वाटतात. संध्याकाळी ते ज्या घरी परततात, ती घरं मात्र वेगवेगळी आहेत, आणि तुम्हाला निवड त्या घराची करायची आहे.

तीन-चार महिने फक्त वही

पहिले काही महिने कुणालाही फोन करू नका. एक साधी वही घ्या आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं लिहा. भक्तीची वाक्यं लिहायची नाहीत. आज कशाने जीव लागला, कशाने कोरडं वाटलं, इतकंच लिहायचं.

ही पद्धत ज्यांच्याकडून आली, ते जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस मूळचे सैनिकी वृत्तीचे. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते घरी अंथरुणाला खिळले. वाचायला शौर्यकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. मग ते तासन्‌तास स्वप्नं रंगवायचे. कधी एका उच्चकुलीन स्त्रीची मर्जी कशी मिळवायची याची, कधी संत फ्रान्सिससारखं जगायची. रंगवताना दोन्ही गोड लागायची. फरक नंतर पडायचा. पहिलं स्वप्न ओसरलं की मन रितं व्हायचं, दुसरं ओसरलं तरी समाधान उरायचं. हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला, पण पुढची सगळी आध्यात्मिक साधना त्यांनी या एका निरीक्षणावर उभी केली.

म्हणून वहीत दोन वेळा लिहा: गोष्ट घडली तेव्हा, आणि दोन-तीन दिवसांनी. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेहून परत आल्यावर, किंवा युथ रिट्रीटच्या शेवटच्या रात्री मेणबत्ती हातात असताना, प्रत्येकालाच आयुष्य देऊन टाकावंसं वाटतं. ते खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं. पुढच्या मंगळवारी पीएमटीच्या गर्दीत, ओल्या छत्रीसह, कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून खेकसल्यावर ती ओढ कुठे आहे, ते लिहा.

एका मुलीने तिच्या परवानगीने मला दाखवलेल्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "आज आजीला आंघोळ घातली. कंटाळा आला, तरी नंतर बरं वाटलं." "आज आराधनेला गेले. सारखं मोबाइलकडे लक्ष." "सिस्टरांनी चर्चमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. दिवसभर हवेत." आणि दोन दिवसांनी त्याच तिसऱ्या नोंदीखाली: "आज त्यांनी ओळखच दाखवली नाही. मग सिस्टर व्हायची इच्छा कुठे गेली?" त्या एका ओळीत तिला स्वतःबद्दल जे कळलं, ते कुठल्याही प्रवचनातून कळलं नसतं.

वही वाचताना आणखी एक बघा. तुम्ही कशाकडे जाताय की कशापासून पळताय? वडिलांची दारू, मोडलेलं प्रेम, हुकलेली 'नीट' परीक्षा, घरात सुरू झालेली स्थळांची चर्चा, यांपैकी काहीही मागे असू शकतं. त्याने पाचारण आपोआप खोटं ठरत नाही. पण ते कारण वहीत स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि इग्नेशियसांचा एक नियम आत्ताच पाठ करून ठेवा: मन काळवंडलेलं असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही. हा नियम आत जातानाही लागू आणि बाहेर पडतानाही.

मार्गदर्शक

आता एका माणसाला सांगा. एकालाच. शक्यतो तो माणूस ज्या संघाकडे तुमचा ओढा आहे त्या संघाचा व्होकेशन प्रमोटर (संघासाठी नवीन मुलं-मुली शोधणारा) नसावा. प्रमोटर वाईट असतात असं नाही. पण त्यांच्यावर संख्येचं ओझं असतं, आणि ते त्यांच्याही नकळत बोलण्यात उतरतं. पॅरिशचे (आपल्या चर्चचे) फादर, दुसऱ्या संघाच्या एखाद्या अनुभवी सिस्टर, आध्यात्मिक साधना देणारे कुणी, असे लोक पुण्यात मिळतात. महिन्यातून एकदा तासभर भेटा, वही सोबत न्या.

चांगला मार्गदर्शक "तुला पाचारण आहे" असं सांगत नाही, "नाही" असंही नाही. तो विचारतो आणि थांबतो. जो पहिल्या भेटीत तारीख ठरवतो, घरच्यांपासून लपवायला सांगतो, फक्त त्याच्याशीच बोल म्हणतो, किंवा भेटीची जागा-वेळ तुम्हाला अवघड वाटेल अशी ठेवतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका, आणि का जात नाही ते घरी किंवा दुसऱ्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा.

घरी सांगणं

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. आपल्या पॅरिशमधली कितीतरी घरं मूळची श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडची. आजोबा शेतमजूर, वडील कंपनीत, आणि मुलगी घरातली पहिली पदवीधर, खराडीला नोकरीला. तिच्या पगारावर धाकट्याचं शिक्षण उभं असतं. अशा घरात "देवाने बोलावलंय" एवढंच वाक्य टाकून गप्प बसलात, तर ते निर्दयपणाचं होईल.

बाप विचारतो, "आम्हाला कोण बघणार?" त्यावर "पीक फार, कामकरी थोडे" हे वचन ऐकवू नका. त्याला हिशोब सांगा. कर्ज किती उरलंय, भाऊ कधी कमावता होईल, तोपर्यंत मी थांबते. थांबल्याने पाचारण नासत नाही. शिवाय चर्चचा कायदाही हेच बघतो: फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला नोव्हिशिएटमध्ये (व्रतांआधीच्या प्रशिक्षणात) घेऊ नये, असं १९८३ च्या कायदेसंहितेत म्हटलंय. एज्युकेशन लोन चालू असेल तर ते आधी संपवा, किंवा कोण फेडणार ते लेखी ठरवा.

आई रडली तर रडू द्या. आईने लगेच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले तर मात्र थांबवा. "फातिमाची पोर सिस्टर होणार" ही बातमी एकदा पसरली की परत फिरणं अवघड होतं, आणि परत फिरायची मोकळीक तुम्हाला अजून बरीच वर्षं लागणार आहे.

घर कॅथलिक नसेल किंवा तुमचा बाप्तिस्मा अलीकडचा असेल, तर काही वर्षं पॅरिशमध्ये साधं ख्रिस्ती जीवन जगायला सांगतील. त्याचा राग मानू नका.

काँग्रिगेशन (संघ) बघायला जाणं

बहुतेक मुली आपल्या शाळेतल्या सिस्टरांच्या संघात जातात. ओळख हे सुरुवातीचं कारण म्हणून ठीक आहे, शेवटचं कारण म्हणून नाही. कामावरूनही निवडू नका. एकटे जेझुइट बघा: १८६७ साली सुरू झालेली कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स आणि पाषाणची लॉयोला या शाळा, शनिवार पेठेत इतर धर्मीयांशी संवादासाठी चालवलेलं स्नेहसदन, आणि रामवाडीचं तत्त्वज्ञान-धर्मशास्त्र. आज वर्गात शिकवणारा उद्या दुसरीकडेच असेल. टिकतो तो संघाचा मूळ आत्मा.

तो आत्मा संस्थापकाच्या आयुष्यात सापडतो. जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटच्या गेटवरून आपण किती वेळा जातो. तो संघ स्थापणाऱ्या क्लॉडीन थेवने यांनी फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९४ साली, लियाँमध्ये आपल्या दोन भावांना मृत्युदंडाला नेताना पाहिलं. भावांचा निरोप होता, क्षमा कर. त्यानंतर त्या अनाथ, गरीब मुलींना गोळा करू लागल्या आणि १८१८ मध्ये संघ उभा राहिला. हे वाचून आतून काही हललं, तर पुढे चौकशी करा. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीत तीन व्रतांच्या जोडीला चौथं व्रत आहे, गरिबांतल्या गरिबांची मनापासून, विनामोबदला सेवा. कार्मेलाइट मठवासिनी सहसा मठाबाहेर पडत नाहीत. प्रार्थना हेच त्यांचं काम. एक बरं आणि दुसरं कमी, असं इथे काही नाही. तुमची वही कुठे बोट दाखवते, ते बघा.

मग 'कम अँड सी'ला (संघाच्या घरी थोडे दिवस राहून बघायला) जा, एकापेक्षा जास्त ठिकाणी. चॅपेलमध्ये सगळेच छान दिसतात. तुम्ही रात्रीच्या जेवणानंतर स्वयंपाकघरात रेंगाळा. भांडी कोण घासतंय? सुपिरिअर (घराच्या प्रमुख) हातात फडका घेतात का? स्वयंपाकाच्या मावशींशी कुठल्या सुरात बोलतात? जी सिस्टर तिथे नाही तिच्याविषयी काय बोललं जातं? कोपऱ्यातल्या खोलीत अंथरुणावर असलेल्या म्हाताऱ्या सिस्टरला पेज कोण भरवतंय, आणि भरवताना बोलतंय का, की नुसता चमचा पुढे करतंय? तुम्ही सत्तर वर्षांच्या व्हाल तेव्हा तुमचं घर हेच असेल.

काही प्रश्न सरळ तोंडावर विचारा. घरातली भाषा कुठली? इंग्रजी, मल्याळम किंवा कोंकणीत गप्पा चालतात, आणि मराठी मुलगी वर्षभर हसण्याच्या वेळी नुसती हसते, असं होतं. पुढे शिकू देतात का? आजारपणाचा खर्च कोण करतं? सोडून गेलेल्यांशी कसं वागतात?

आणि एक प्रश्न, जो आपल्या समाजात तोंडातल्या तोंडात विचारला जातो: आमच्यासारख्या घरांतल्या किती जणी इथे आहेत, आणि सुपिरिअर पदावर किती? "तुमचं मूळ गाव कुठलं?" या चौकशीमागे कधी कधी काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, तेव्हा चर्चमधला जातभेद उघडपणे मान्य केला. त्यामुळे हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. उत्तर देताना समोरची व्यक्ती अवघडते, चिडते की मोकळेपणाने बोलते, यावरून घराची हवा कळते.

मराठीपण गळून पडेल, अशी भीती काहींना वाटते. फादर स्टीफन्स हे जेझुइट होते, इंग्रज होते, आणि १६१६ साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापून आलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू राहूनच २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चर्चमध्ये मराठीला जागा आहे. तुम्ही बघताय त्या घरात ती आहे का, एवढंच तपासायचं.

कागदपत्रं

बाप्तिस्म्याचा दाखला नवीन काढा, पहिल्या कम्युनियनच्या वेळचा चालत नाही. जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या नोंदवहीत दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), लग्न, अखेरची (कायमची) व्रतं हे सगळं तुमच्या नावापुढे लिहिलं जातं. ताज्या दाखल्यावरून तुम्ही मोकळ्या आहात हे कळतं. गावाकडचं चर्च असेल तर एसटीने एक दिवस जातो, आधी फोन करून जा. सोबत दृढीकरणाचा दाखला, पॅरिश प्रीस्टचं पत्र, मार्कशीट, वैद्यकीय तपासणी. मानसशास्त्रीय चाचणी मागितली तर बिचकू नका; पण ती तुमच्या संमतीनेच व्हायला हवी, आणि अहवाल कोण वाचणार हे आधी विचारा.

आतल्या पायऱ्या

सुरुवातीला कँडिडेट किंवा ॲस्पिरंट (इच्छुक), मग पोस्ट्युलंट (नोव्हिशिएटच्या आधीची पायरी). यांचा काळ संघागणिक बदलतो. खरी सुरुवात नोव्हिशिएटने होते. त्यासाठी वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचं असतं, दोन वर्षांपेक्षा जास्त नाही. मध्येच तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली तर ते ग्राह्यच धरत नाहीत. या काळात तुम्ही कधीही निघू शकता, संघही तुम्हाला निरोप देऊ शकतो. निवड दोघंही करत असतात, हे पुष्कळांना आत गेल्यावरच उमगतं.

पुढे मुदतीची व्रतं, तीन ते सहा वर्षं, अपवादाने नऊपर्यंत. अखेरची व्रतं २१ वर्षांच्या आधी नाहीत. जेझुइटांचा क्रम वेगळा. त्यांच्याकडे दोन वर्षांच्या नोव्हिशिएटनंतर थेट कायमची व्रतं असतात, आणि धर्मगुरू होईपर्यंत पुढे बरीच वर्षं शिक्षण चालतं.

आत गेल्यावर दोन हक्क लक्षात ठेवा. मन उघडं करायला सुपिरिअर तुमच्यावर जोर करू शकत नाहीत. विश्वासाने तुम्ही स्वतः सांगितलंत तर गोष्ट वेगळी. आणि पापनिवेदन कुणाकडे करायचं हे स्वातंत्र्य तुमचं असतं.

नाव, पगार, जमीन

काही संघांत नवीन नाव देतात, बऱ्याच ठिकाणी आता बाप्तिस्म्याचंच राहतं. नवीन मिळालं तरी आधार आणि पॅनवरचं नाव घाईने बदलू नका. नोकरी केलीत तर पगार संघाकडे जातो. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर-फादरांच्या पगारातूनही टीडीएस कापला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने पक्कं झालंय.

जमिनीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. मुलगी आत जायची ठरली की एखादा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो, "आता तुला कशाला लागतंय?" सही करू नका. ख्रिस्ती कुटुंबात १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने मुलाला आणि मुलीला सारखाच वाटा आहे. चर्चच्या कायद्यानुसार पहिल्या व्रतांआधी तुम्ही मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवता, मालकी सोडत नाही. अखेरच्या व्रतांआधी दिवाणी कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र करायचं असतं. मालकीही पूर्ण सोडायची असा नियम काही संघांत असतो. पण तोही शेवटी लागू होतो. सातबाऱ्यावरचं नाव नोव्हिशिएटच्या दारात काढायची गरज नाही.

परत यावं लागलं तर

आपल्याकडे "परत आलेली" हा शब्द शिवीसारखा वापरतात, आणि त्या भीतीने काही जणी नको असलेली व्रतं घेऊन बसतात. नोव्हिशिएट कशासाठी असतं तर हेच बघण्यासाठी. "माझी जागा इथे नाही" हेही त्याचं पूर्ण उत्तर आहे. म्हणून डिग्री अर्धवट टाकून आत जाऊ नका, आणि मूळ कागदपत्रांच्या झेरॉक्स घरी ठेवा.

मुदतीची व्रतं संपली आणि नव्याने घेतली नाहीत, तर तुम्ही मोकळ्या. मुदतीच्या मध्येच निघायचं असेल तर परवानगी संघाच्या सर्वोच्च सुपिरिअरकडून लागते. अखेरच्या व्रतांनंतर प्रकरण रोमला किंवा, संघ धर्मप्रांतीय असेल तर, बिशपांकडे जातं. संघात केलेल्या कामाचा मोबदला कायद्याने मागता येत नाही, पण जाणाऱ्याशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावं, असं तोच कायदा संघाला बजावतो. म्हणजे काही महिन्यांच्या खर्चापुरती मदत मागायला लाजू नका. निघताना तारीख आणि सही असलेलं पत्र हातात घ्या आणि जपून ठेवा. पुढे चर्चमध्ये लग्न करायचं ठरलं, तर पॅरिशमध्ये आधी तेच मागतील.